विश्लेषण : घरातील वायरिंगला हात कोणी लावायचा?

गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींतील खोल्यांत एसी आणि गीझर आले. अनेक ठिकाणी वायरिंग मात्र दिवे-पंख्यांच्या काळातीलच आहे. दुरुस्तीला येतो तो नाक्यावरचा ओळखीचा इलेक्ट्रिशियन. नियम काय सांगतात?

बेस्टची जबाबदारी कुठवर?
मीटरपर्यंत. त्यापुढील वायरिंग आणि स्विचबोर्डची जबाबदारी ग्राहकाची.

परवाना कधी लागतो?
बल्ब, पंखा, स्विच किंवा फ्यूज बदलण्यासाठी परवान्याची अट नाही. नवी लाइन ओढणे, एसीसाठी पॉइंट काढणे ही कामे मात्र केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांनुसार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागतात. नाक्यावरचा कारागीर कुशल असेलही. पण परवाना नसेल, तर कामाची जबाबदारी कागदावर कोणाचीच राहत नाही. म्हणून आधी परवाना पाहावा, नंतर टेस्ट रिपोर्ट मागावा.

धोका नेमका कुठे?
दोन किलोवॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर, दीड टनाचा एसी सुमारे ७ अँपिअर वीज घेतो. दोन्ही एकाच जुन्या वायरवर चालले की ती तापते. फ्यूज सतत उडतो म्हणून त्यात जाड तार बांधली, तर वायर जळू लागली तरी पुरवठा तुटत नाही.

एमसीबी पुरेशी आहे का?
नाही. एमसीबी वायरचे रक्षण करते. शॉक लागल्यास माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. एसी बसवण्याआधी बेस्टकडे मंजूर भार वाढवून घेणेही आवश्यक.