गटप्रमुखालाही शिकवावे लागते



या अंकात माझ्याकडून खोडवा किंवा पाचट कुजविण्यावर लेख अपेक्षित असणार. तो पुढच्या अंकी देतो. या वेळी उसाविषयी नव्हे, उसापर्यंत जाणाऱ्या माणसांविषयी लिहितो. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक लहानसा विषय यावा अशी माझी इच्छा आहे, आणि त्याआधी तो आपल्या कानावर असावा.

गटप्रमुख, शेतकी ओव्हरसियर, पाळीचे इंजिनिअर, केमिस्ट, यार्ड सुपरवायझर ही मंडळी दुसऱ्यांकडून काम करून घेतात. माणसे कशी सांभाळावीत हे त्यांना आपण कधी शिकविले काय? कृषी पदविकेत मला माती परीक्षण, बेणे प्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त सारे शिकविले. पुढे नोकरीत एके दिवशी हातात यादी दिली आणि सांगितले, "उद्यापासून हा गट तुमचा." यादीत वीसेक स्लिपबॉय होते. त्यांच्याशी कसे वागायचे याचा एक तासही कोठे झाला नव्हता.

मी तेव्हा दुसरीकडे नोकरीला होतो. त्याचे फळ काय झाले ते सांगतो. सोमवारच्या बैठकीत एका स्लिपबॉयची आडसाली लागणीची नोंद कमी भरली. मी त्याला सगळ्यांदेखत झापले. "जमत नसंल तर घरी बस," असे म्हणालो. दम दिला की काम होते, अशी माझी समजूत. आणि झालेही तसे! पुढच्या आठवड्यापासून त्याची नोंद बरोबर उद्दिष्टाइतकी येऊ लागली. मी खूश.

खरा प्रकार कळला तो पुढच्या हंगामात, तोडणी कार्यक्रम लागल्यावर. गावातल्या दोघा-चौघा वजनदार शेतकऱ्यांनी नोंद देताना लागणीची तारीख महिनाभर आधीची टाकायला लावली होती. पोराने मुकाट्याने टाकली. त्यामुळे ज्यांची लागण खरोखर आधीची, ते मागे पडले. त्यातल्या एकाचा सव्वा एकराचा ऊस एप्रिलमध्ये तुटला. शेंडे वाळलेले, कांडी पोचट, वजन घटलेले. तो मला म्हणाला, "साहेब, शेजारच्याची लावण माझ्या मागनं झाली, मी सोता बघितलंय. मग त्याची तोड आधी कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याला भरपाई मिळाली नाही, तशी तरतूदच नव्हती.

स्लिपबॉयला बोलावून विचारले, मला तेव्हाच का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही परत सगळ्यांम्होरं बोलला असता." तारीख त्याने खोटी टाकली हे खरे, पण ती टाकण्याची वेळ त्याच्यावर मी आणली होती. आता नोंद मोबाइलवर होते, प्लॉटचा नकाशा जागेवर निघतो. तरी लागणीची तारीख माणूसच भरतो.

कारखान्यातही तेच. आपले हंगामी कामगार बहुतेक शेतकरीच आहेत. बारा ते आठची रात्रपाळी करून माणूस घरी जातो आणि दिवसा वीज आली की झोपायचे सोडून पाणी धरतो. तिसऱ्या रात्री गव्हाणीवर त्याचा डोळा लागला तर पाळीचा अधिकारी मेमो देतो. मेमोने झोप भरून येत नाही. अशा वेळी गव्हाण अडकली, मिल थांबली की यार्डात ट्रॅक्टरची रांग लागते. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा असे आपण म्हणतो, तो तेथेच उन्हात वाळतो. तो ऊस आपलाच असतो.

हे वागणे शिकविता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवखे सुपरवायझर भरले गेले, त्यांच्यासाठी १९४० साली 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा सरकारी उपक्रम निघाला. त्यातला माणसांशी वागण्याचा पाठ दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचा, म्हणजे अवघ्या १० तासांचा होता. लढाई संपल्यावर जपानी कारखान्यांनीही तो उचलला. त्यात सांगितलेले आपल्या घरच्या म्हातारीलाही ठाऊक असेल: काम कसे चालले आहे ते ज्याचे त्याला सांगा, चांगले केले तर तेव्हाच बोलून दाखवा, बदल होणार असेल तर आधी कळवा, ज्याच्या अंगी जो गुण आहे तो वापरा. पण ते नुसते ऐकवीत नसत. प्रत्येकाने आपल्या हाताखालचे एक खरे प्रकरण आणायचे आणि सर्वांनी मिळून सोडवायचे. आधी हकीकत पूर्ण काढायची, माणसाचे म्हणणे ऐकायचे, मग ठरवायचे. मी ती पहिली पायरीच ओलांडली होती.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली कामाच्या जागी मानसिक आरोग्य राखण्याविषयी शिफारशी केल्या. त्यांत व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. अधिकाऱ्याने डॉक्टर व्हावे असा त्याचा अर्थ नाही. माणूस खचला आहे हे ओळखावे, ऐकून घ्यावे आणि कामात काय बदलता येईल ते पाहावे, एवढेच.

काही सभासद म्हणतील, पगार देतो ना, मग आणखी लाड कशाला? पगार वेळेवर मिळालाच पाहिजे, हंगामी कामगारांचा रिटेन्शन अलाउन्स थकता कामा नये. ते थकवून शिबिर भरविले तर कामगार हसतील, आणि त्यांचे बरोबरच असेल. पण पगार घेऊनही माणूस तोंड मिटून बसू शकतो, हे मी वर सांगितलेच. आपल्यातले कित्येकजण मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ज्ञानयाग शिबिराला जाऊन आले. मालकाने शिकण्यात कमीपणा नाही, तर साहेबाने शिकण्यात कसला? आणि बांधावर आलेल्या स्लिपबॉयला आपणही काय काय बोलतो, ते ज्याचे त्याने आठवावे.

माझी सूचना अशी. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. शिकविणारा बाहेरचा असावा, म्हणजे मंडळी मोकळेपणी बोलतील. हॉल आपला, जेवण कॅन्टीनचे, खर्च मानधनाचा. पहिल्या तुकडीत खातेप्रमुखच बसावेत, मी धरून. मग हंगाम सुरू झाल्यावर महिन्याने अर्धा दिवस पुन्हा जमावे आणि कोणाचे प्रकरण कोठवर आले ते पाहावे. संचालक मंडळाकडे मी तसे पत्र दिले आहे. सभेत विषय निघाला तर आपल्या गटातून कोणीतरी उठून बोलावे, विरोधात असले तरी चालेल. मात्र ठरवायचे ते मोळी पडण्याआधी. एकदा गळीत सुरू झाले की कोणाला बसायला उसंत नसते.

— ऊस विकास अधिकारी