आत्मसन्मान कोठे रुजतो?

लखनौजवळील मलिहाबाद हे गाव दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कलीमुल्ला खान सातवीत नापास झाले व त्यांची शाळा सुटली. घरच्या बागेत काम करीत असता, एकाच झाडावर सात जातींचे आंबे आणण्याचा प्रयोग त्यांनी किशोरवयातच केला. ते झाड टिकले नाही. प्रयत्न मात्र टिकला. १९८७ पासून एका जुन्या वृक्षावर त्यांनी ३०० हून अधिक प्रकारांची कलमे जगविली. २००८ मध्ये ते ‘पद्मश्री’चे मानकरी ठरले.

एका व्यक्तीच्या चरित्रावरून नियम सिद्ध होत नाही. परंतु प्रश्न मात्र उभा राहतो. शाळेने नापास ठरविलेल्या मुलास स्वतःच्या योग्यतेचा प्रत्यय कोठून यावा?

समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातील ५,००० हून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या मित्रांची, अभ्यासाची व बोलण्याची आईवडील आस्थेने दखल घेत, त्या मुलांत आत्मसन्मान अधिक आढळला. पालकांची उदासीनता ही विशेष घातक दिसली.

पुढे आत्मसन्मान वाढविला की यश आपोआप येते, असा समज पसरला. रॉय बॉमायस्टर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात त्यास पुरेसा आधार मिळाला नाही. आत्मसन्मान हा बऱ्याच अंशी यशाचे फळ असतो, असे त्यांस आढळले. म्हणून पोकळ स्तुती हे आस्थेचे रूप नव्हे.

या आस्थेस घरात सवड लागते. जीन ट्वेंगी व सहकाऱ्यांनी त्याच वर्षी अनेक पाहण्या एकत्र तपासल्या. मुले असलेल्या दांपत्यांचे वैवाहिक समाधान सरासरीने किंचित कमी, आणि तान्ह्या मुलांच्या मातांत ही घट अधिक, असे त्यांस दिसले. दोष मुलाचा नव्हे. संगोपनाचा भार एकट्या मातेवर टाकणे, हे त्या असमाधानाचे एक सबळ कारण मानावयास हवे. पित्याने तो भार वाटून घेतला, तर पत्नीस विसावा व मुलास दोन्ही पालकांचे लक्ष लाभेल.

या पाहण्या मुख्यतः पाश्चात्य समाजातील आहेत. आपल्याकडील एकत्र कुटुंबांस त्या जशाच्या तशा लागू करणे योग्य नव्हे. तथापि एवढे निश्चित म्हणता येईल की, प्रगतिपुस्तकावरील लाल रेघ ही मुलाच्या योग्यतेची अखेरची मोजणी नव्हे. त्याच्या हातांस साधेल असे खरे काम देणे, आणि ते करीत असता त्याच्याकडे आस्थेने पाहणे, हे घराचे व शाळेचे समान कर्तव्य होय.