खेळाचा तास कापू नका



सहामाहीचे निकाल लागले की कार्यालयात हमखास ऐकू येते, "मॅडम, याचं मैदानावर जाणं बंदच केलंय आता." डॉक्टरांनी ज्यांना ए.डी.एच.डी., म्हणजे लक्ष न टिकणे व अतिचंचलता, असे निदान दिले आहे, नेमक्या त्यांच्याच वाट्याला ही शिक्षा येते. माझे स्पष्ट मत आहे की ती उलटी पडते. पळापळ झाल्यावर अशा मुलाचे चित्त अनेकदा थोडे तरी थाऱ्यावर येते. तीच वाट आपण बंद करतो!

हे मूल आळशी नाही, ढ तर नाहीच. 2007 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूच्या काही भागांची वाढ सुमारे तीन वर्षे उशिरा होताना दिसली. त्यात स्वतःला आवरण्याचे काम करणारा भागही होता. तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला कधीकधी सात वर्षांच्या मुलाइतका आधार द्यावा लागला, तर तो लाड नव्हे. "याचे बाबाही असेच होते," असे आजी सांगतात. खरेच आहे, हे पुष्कळ अंशी आनुवंशिक असते.

सकाळी स्वयंपाकघरातून एका दमात चार हुकूम सुटतात : दूध पी, बूट घाल, वही घे, डबा विसरू नको. त्यातला एखादाच पोहोचतो. त्यापेक्षा जवळ जाऊन, नाव घेऊन, एकच काम सांगा. झाले की तिथेच शाबासकी द्या. "ऐंशी टक्के मिळाले तर सायकल" हे बक्षीस त्याच्यासाठी फार लांबचे आहे. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवावे. गृहपाठ पंधरा मिनिटे, मग अंगणात एक फेरी, मग पुन्हा पंधरा मिनिटे. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा नव्हे.

मुलींकडेही पाहा. काही मुली दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, आणि कोणाच्या लक्षातच येत नाही.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. हिंदीत खोडकर मुलाला लाडाने 'शैतान' म्हणतात. मराठीत 'सैतान' म्हटले की त्यातला लाड निघून जातो. विद्यार्थ्यांनो, वर्गमित्राला हाक मारताना हे ध्यानात असू द्या.

मधली सुट्टी किंवा खेळाचा तास शिक्षा म्हणून काढून घेऊ नये, असा नियम करावा, अशी लेखी विनंती मी विश्वस्त मंडळाला केली आहे. येत्या पालकसभेत यावर बोलू. आजींनाही सोबत आणावे.