उमेदवारी करून घेणार कोण?

‘उमेदवार’ म्हटले की आज डोळ्यांपुढे निवडणुकीचे फलक येतात. दोन पिढ्यांपूर्वीच्या मराठी घरात या शब्दाला निराळा अर्थ होता. ‘मुलगा वकिलाकडे उमेदवारी करतो’, ‘छापखान्यात उमेदवारीला लागला’ एवढे सांगितले, की ऐकणाऱ्याला सारा उलगडा होई. मुलाचे शिक्षण झाले आहे, पण काम अद्याप येत नाही; ते तो जाणत्याच्या हाताखाली शिकतो आहे आणि तो जाणताही आपला काही वेळ त्याच्यासाठी खर्ची घालतो आहे. १९६१ च्या केंद्रीय कायद्यामुळे हा शब्द मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ या रूपाने टिकून राहिला. त्यात ‘उमेद’ आहे, हे ध्यानी ठेवून पुढचा विषय पाहावयाचा आहे.

वसई-विरारला ही रीत परकी नाही. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातील गाळ्यांमध्ये लेथवर हात बसलेली कितीतरी माणसे ‘हेल्पर’ म्हणून लागली आणि उस्तादाच्या शेजारी उभी राहून कारागीर झाली. यंत्राचा आवाज बदलला म्हणजे हत्यार बोथट झाले, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात वाचून कळत नाही. ते शेजारी उभे राहूनच कळते.

याच शहरात आता दुसऱ्या प्रकारचे कारखाने निघाले आहेत. त्यांना गाळा नाही, पाटी नाही, भोंगा नाही. पाच-सात माणसांची सॉफ्टवेअर कंपनी; एक जण वसईत, दुसरा नाशिकला, तिसरी बंगळुरूला आणि ग्राहक सातासमुद्रापार. सगळे आपापल्या घरी संगणकापुढे बसलेले. अशा कंपनीत नवा मुलगा अथवा मुलगी रुजू होते, तेव्हा त्यांच्या शेजारी उभे कोण राहते? प्रामाणिक उत्तर बहुधा ‘कोणीच नाही’ असे असते. या लेखाचा विषय हाच आहे.

घरून काम : एक वरदान

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की घरबसल्या काम करण्याच्या या व्यवस्थेवर टीका करण्याचा हेतू नाही. वसई-विरारकरांनी तर तिचे स्वागतच करावे. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटरचे. सकाळच्या विरार लोकलमध्ये पाय ठेवणे हा एक पराक्रम आणि संध्याकाळी तिच्यातून धडपणे उतरणे हा दुसरा. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिकांसह भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. या लोकसंख्येतील नोकरदारांच्या आयुष्याची किती वर्षे रुळांवर गेली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली आणि घरून काम करणे जे पूर्वी अशक्य वाटत होते, ते आठवडाभरात घडून आले. करोनाचे संकट ओसरल्यावर मोठ्या कंपन्यांनी माणसांना पुन्हा कार्यालयात बोलावले. अनेक लहान कंपन्यांनी मात्र कार्यालयाचे भाडे कायमचे वाचविले. यात घरच्या जबाबदारीमुळे अंधेरी-परळपर्यंत जाणे न जमणाऱ्या अनेक मुलींसाठी नोकरीचे दार उघडले. ही जमेची बाजू मोठी आहे. म्हणूनच तिच्यातील उणीव वेळीच भरून काढली पाहिजे.

जे कागदावर उतरत नाही

उणीव अशी, की ही व्यवस्था ज्यांना काम येते त्यांच्यासाठी सोयीची आहे. ज्यांना ते अजून शिकायचे आहे, त्यांचा विचार तिच्यात फारसा झालेला नाही. कार्यालयात नवखा मुलगा नुसता बसला तरी शिकत असे. शेजारच्याचे ग्राहकाशी फोनवरील बोलणे, दोन ज्येष्ठांचा चहाच्या वेळचा वाद, बिघाड झाल्यावर प्रथम काय तपासले जाते याची धांदल, हे सारे कानांवर पडे. घरी बसलेल्या मुलाच्या कानांवर यातले काहीच पडत नाही. त्याच्यापुढे असतो हजारो ओळींचा कोड, जो त्याने लिहिलेला नाही. आणि एक संदेश : ‘बघून घे, अडले तर विचार.’ पण कोठे अडले आहे हेच ज्याला उमगत नाही, तो विचारणार काय?

पीटर नॉर हे डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ. २००५ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. १९८५ मधील एका निबंधात त्यांनी या प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. सॉफ्टवेअर म्हणजे केवळ लिहिलेला मजकूर नव्हे. ते लिहिणाऱ्यांच्या मनात तयार झालेले आकलन हीच खरी वस्तू होय, असे त्यांचे प्रतिपादन. अमुक गोष्ट अशीच का केली, दुसऱ्या प्रकारे का केली नाही, उद्या गरज बदलली तर हात कोठे घालावा, हे त्या आकलनात असते. ते कागदावर पूर्णपणे उतरत नाही. नव्या माणसाला ते हवे असेल, तर जुन्या जाणत्यांच्या निकट सहवासात काम करण्यावाचून गत्यंतर नाही. वालीवच्या उस्तादाला हे निबंध न वाचताही ठाऊक होते.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. संगणकाच्या भाषांशी त्याचा परिचय दुरूनच. पण वृत्तपत्राच्या टेबलावरही हीच रीत होती. नव्या उपसंपादकाची बातमी ज्येष्ठांकडे जाई आणि तांबड्या शाईने रंगून परत येई. प्रत्येक खुणेमागे एक कारण असे आणि विचारले तर ते सांगितले जाई. व्याकरणाची पुस्तके कपाटात होती. तरी पत्रकार घडत तो त्या तांबड्या शाईने. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात या तांबड्या शाईला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. घाईच्या दिवसांत अनेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच उरतो, की ज्येष्ठ माणूस रात्री अकरा वाजता कनिष्ठाचे काम स्वतःच दुरुस्त करून टाकतो. काम सुधारते, पण मुलगा होता तेथेच राहतो.

मालकांची बाजू

लहान कंपनीच्या चालकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते सांगतात, आमच्याकडे माणसे पाच. त्यातला एक शिकवत बसला तर काम कोणी करायचे? आणि वर्षभर शिकविलेला मुलगा मोठ्या पगारावर पुण्या-बंगळुरूला निघून गेला तर?

या दोन्ही शंका खऱ्या आहेत. आयबीएमच्या एका प्रचंड प्रकल्पाची धुरा वाहिलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे, की रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते अधिकच रखडते. कारण नव्यांना तयार करण्यात जुन्यांचा वेळ जातो. यातून व्यवहारी मनुष्याने एवढाच बोध घ्यावा, की काम अंगावर आल्यावर माणूस घेऊ नये, आधी घ्यावा. शिकविण्यात जाणारा वेळ हा तोटा म्हणून न धरता बियाणे म्हणून धरावा. जो शेतकरी बियाणेही दळून खातो, त्याचा पहिला हंगाम सुखाचा जातो, दुसरा नाही.

इन्फोसिससारख्या कंपनीने मैसूरला भव्य प्रशिक्षण संकुल उभारले. तो खर्च पाच माणसांच्या कंपनीला झेपणारा नाही, म्हणून ती ‘दोन वर्षांचा अनुभव हवा’ अशी जाहिरात देते. सर्वांनीच अशी जाहिरात दिली तर तो अनुभव मुलाने मिळवावा कोठे? आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोड लिहून देऊ लागल्यामुळे नवख्यांची गरजच काय, असा प्रश्न ऐकू येतो. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे ठरविणारा जाणता उद्या कोठून आणणार? आजचा नवखाच उद्याचा जाणता होत असतो. ही साखळी एका जागी तुटली, की ती सांधायला दहा वर्षे लागतात. आणि शिकून कोणी निघून जाईल ही भीती असेल, तर न शिकलेला मुलगा कायमचा राहिला तर काय, याचाही विचार व्हावा.

दुरून शिकविता येते

शिकविणे दुरून होत नाही, असाही समज आहे. तो खरा नाही. १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स प्रणाली जगभरच्या हजारो जणांनी घडविली. त्यांतील बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. नवख्याने पाठविलेला बदल अनुभवी माणसे ई-टपालावर ओळीओळीने तपासतात, आक्षेप कारणांसह आणि सर्वांसमक्ष लिहितात. बदल पुन्हा पाठवावा लागतो, कधी चार-पाच वेळा. ही सारी चर्चा जतन होते आणि मागून येणाऱ्याचे पाठ्यपुस्तक बनते. याच कामासाठी टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले ‘गिट’ हे साधन आज वसईतील पाच माणसांची कंपनीही वापरते. साधन आपण घेतले. त्यामागची लिहून समजावण्याची शिस्त घ्यायची राहिली.

ती शिस्त लहान कंपनीलाही परवडणारी आहे. नवा माणूस येण्यापूर्वी त्याच्या संगणकाची मांडणी कशी करावयाची, याचे टिपण तयार हवे. आणि त्यात जे चुकीचे अथवा जुने आढळेल ते त्यानेच दुरुस्त करावे, हे त्याचे पहिले काम. दुसरे काम लहान पण खरे असावे, म्हणजे आठवडाभरात आपली एखादी ओळ ग्राहकापर्यंत पोहोचल्याचे समाधान त्याला मिळेल. त्याच्यासाठी एक ज्येष्ठ नेमून द्यावा. ‘कोणालाही विचार’ याचा अर्थ व्यवहारात ‘कोणालाच विचारू नकोस’ असा होतो. त्या ज्येष्ठाचा रोजचा एक तास याच कामाचा म्हणून धरावा आणि तेवढे त्याचे दुसरे काम कमी करावे. आठवड्यातून दोनदा दोघांनी एकच पडदा समोर ठेवून काम करावे. ज्येष्ठाने मोठ्याने विचार करीत लिहावे, नवख्याने पाहावे, मग अदलाबदल करावी. शेजारी उभे राहण्याला याहून जवळचा पर्याय नाही. शक्य असेल तर पहिले पंधरा दिवस सर्वांनी एका छताखाली बसावे.

नव्या मुलांचेही एक कर्तव्य आहे. अर्धा-पाऊण तास स्वतः झटून पाहिल्यावर विचारायला लाजू नये. काय करून पाहिले, ते लिहून विचारावे. मिळालेले उत्तर पुढच्यासाठी नोंदवून ठेवावे. यंत्राकडून उत्तर घेतले असेल, तर ते समजल्याखेरीज आपले म्हणून पुढे करू नये.

समाजाने करावयाचे काम

महाराष्ट्राला असे प्रयोग नवे नाहीत. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा तयार कारागीर त्यांची वाट पाहत तेथे उभे नव्हते. आसपासच्या खेड्यांतील माणसांना हाताशी धरून त्यांनी कारागीर घडविले. कारखान्याबरोबर माणूस उभा करावा लागतो, हा किर्लोस्करवाडीचा धडा आहे.

शासनाने आपल्या बाजूने काही वाटा मोकळ्या केल्या आहेत. २०१९ मधील बदलांनुसार ३० वा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि ४ ते २९ कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक म्हणून खुले झाले. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, मूळ नियमांनुसार दरमहा १५०० रुपयांपर्यंत, केंद्राने उचलण्याची सोय केली. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. मात्र विद्यावेतन दिले म्हणजे शिक्षण दिले, असे होत नाही. मुलाला बसवून त्याच्याकडून केवळ तक्ते भरून घेतले, तर शासनाचा पैसा आणि मुलाचे वर्ष दोन्ही वाया जातात.

म्हणून स्थानिक समाजानेच पुढे आले पाहिजे. वसईत विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून आहे. विरारला विवा संस्थेचे आहे. या संस्थांनी संध्याकाळी एखादी प्रयोगशाळा परिसरातील लहान कंपन्यांच्या उमेदवारांसाठी उघडावी. नालासोपाऱ्याच्या एका खोलीच्या घरात, दूरदर्शन संच आणि लहान भावंडांच्या गलबल्यात शिकणाऱ्या मुलीला तेवढी शांत जागाही मोठा आधार ठरेल. चार-पाच कंपन्यांनी मिळून उमेदवार घ्यावेत, ज्येष्ठांनी आळीपाळीने शिकवावे. या शहरात पंचवीस-तीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढलेली माणसे राहतात. आजवर त्यांचे ज्ञान रोज सकाळी लोकलने मुंबईला जात असे. आता ते दिवसभर याच शहरात आहे. त्यांच्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कोणी तरी शिकायला आतुर आहे.

हाताखाली कोणाला तरी तयार करणे हे आपल्याकडे उपकार समजले गेले नाही. ज्याने स्वतः कोणाच्या तरी हाताखाली धडे घेतले, त्याने ते देणे फेडायचे असते, अशीच समजूत होती. आज मोठ्या पगारावर घरून काम करणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला कधी काळी कोणी तरी शेजारी बसवून शिकविले आहे. त्याने वर्षातून एका मुलाची अथवा मुलीची उमेदवारी करून घेतली, तरी या शहराला दुसऱ्या मैसूरची वाट पाहावी लागणार नाही.