किल्लारीचे पाहुणे बातमीदार

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. गणपती विसर्जन उरकून माणसे नुकतीच निजली होती. पुढच्या काही दिवसांत देशोदेशीचे वार्ताहर लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांच्या त्या पट्ट्यात येऊन थडकले. त्यांनी ढिगारे आणि चिता जगाला दाखविल्या, मदतीचा ओघ वाढविला. त्यांचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु बातमी सुरू झाली होती ती वर्षभर आधीच. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारी परिसराला शंभराहून अधिक धक्के बसले. १८ ऑक्टोबरचा त्यांतला मोठा. लोक धास्तावले होते. मात्र ज्या भूकंपात माणूस मेला नाही, त्याच्यासाठी कोणते वृत्तपत्र विमानाचे तिकीट काढते?

उपऱ्या बातमीदाराला दोन दिवसांत निष्कर्ष हवा असतो. दगडमातीची घरे हीच मारेकरी, असा तो काढला गेला. त्यात तथ्य होते, पण अर्धेच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि माळवदाचे ओझे माणसांवर आले, हे खरे. परंतु कित्येक घरांत त्याच माळवदाखालचा लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला होता. तो पाहायचा, तर ‘खण’ म्हणजे काय हे गावच्या सुताराला विचारावे लागते आणि त्याचे बोलणे कळावे लागते.

ही उणीव भरून काढी तो तालुक्याचा वार्ताहर. तुटपुंज्या मानधनावर राबणारा, बातमीबरोबर जाहिरातीही गोळा करणारा हा माणूस पाहुण्याला वाट दाखवितो, नावे पुरवितो, दुभाषी होतो. छापून येते ते पाहुण्याचे नाव. वर्षभर जिल्ह्यात राहणारा पगारी प्रतिनिधी नेमण्यापेक्षा आठ दिवसांचा प्रवासखर्च मालकांना स्वस्त पडतो. दोष व्यक्तीचा नाही. तो या हिशेबाचा आहे.

आणि हा हिशेब कोणाला महाग पडला? सुमारे दहा हजार माणसे गेली, ती घर मोठे की लहान हे न पाहता. पुनर्वसन मात्र सातबारा पाहून झाले. ५२ गावे नव्या जागी वसविताना भूमिहीनाच्या वाट्याला २५० चौरस फुटांचे घर, मधल्या शेतकऱ्याला ४५० आणि ७ हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. धरणीने न केलेला भेद शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून सिमेंटमध्ये पक्का केला. हे वाटप ठरले, घरे उठली, भूमिहीनांची कुटुंबे पत्र्याच्या शेडमधून त्या २५० फुटांत राहावयास गेली, तोवर कॅमेरे केव्हाच दुसऱ्या गावाला निघून गेले होते.