मेगाब्लॉक टाळा, दुरुस्ती टाळू नका!

रविवारी बाहेर पडायचं म्हटलं की मुलुंड-घाटकोपरवाले आधी काय बघतात? मेगाब्लॉक कुठे आहे ते. माटुंगा ते मुलुंड जलद मार्ग बंद, जलद गाड्या धीम्या मार्गावर, सगळं पंधरा-वीस मिनिटं उशिरा. आपण वैतागतो, पण चालवून घेतो. कारण रूळ दुरुस्त व्हायलाच हवेत, हे आपल्याला पटलेलं असतं.

मग हा समजूतदारपणा कम्प्युटरच्या बाबतीत कुठे जातो? ‘अपडेट तयार आहे, रिस्टार्ट करा’ असं दिसलं की बोट थेट ‘नंतर’वर! असाइनमेंट अर्धवट असते, वीस टॅब उघडे असतात. बरं, आपला एकच लॅपटॉप. पण सीप्झमधल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर हजारो लोक एकाच वेळी काम करत असतात. तो रिस्टार्ट करायचा तर शनिवारी रात्री दोन वाजता कुणालातरी ड्युटी लागते. आणि हे ‘कुणीतरी’ बऱ्याचदा टीममधलं सगळ्यात ज्युनिअर असतं. म्हणजे दोन-तीन वर्षांनी आपल्यापैकीच कुणीतरी!

म्हणूनच ‘लाइव्ह पॅचिंग’ हा प्रकार आपल्याला माहीत असायला हवा. कम्प्युटर बंद न करता त्याच्या कर्नेलमध्ये दुरुस्ती करायची, अशी ही सोय. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कुणाला किती, प्रोसेसरवर पाळी कुणाची, हे सगळं तो ठरवतो. एखादं अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडता येतं. कर्नेलचं तसं नाही. तो बंद म्हणजे सगळंच बंद. म्हणून रिस्टार्ट लागतो, आणि म्हणून तो पुढे ढकलला जातो.

हे ढकलणं किती महागात पडतं? २००६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जेफ अर्नॉल्ड नावाचा विद्यार्थी एक सर्व्हर सांभाळत होता. सुरक्षेचं अपडेट आलं होतं, पण रिस्टार्ट केला तर लोकांची गैरसोय होईल म्हणून त्याने तो लांबवला. तेवढ्यात त्याच भगदाडातून कुणीतरी आत शिरलं. यातूनच त्याने ‘केस्प्लाइस’ हे लाइव्ह पॅचिंगचं तंत्र तयार केलं. २०११ मध्ये ओरॅकलने त्याची कंपनी विकत घेतली. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या लिनक्स ४.० पासून तर ही सोय मूळ कर्नेलमध्येच आहे.

आणि हे फक्त अमेरिकेत घडतं असं नाही. विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला आलं. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ त्याच भगदाडातून जगभर पसरला. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट हीच होती. त्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. औषध आलेलं होतं, अनेकांनी ते घेतलं नव्हतं.

लाइव्ह पॅचिंग चालतं कसं? अगदी आपल्या मेगाब्लॉकसारखं. समजा, कर्नेलमधल्या एका फंक्शनमध्ये चूक आहे. ते फंक्शन काढून टाकत नाहीत. दुरुस्त केलेलं नवं फंक्शन मेमरीत आणून ठेवतात आणि जुन्याच्या तोंडाशीच सांधा बदलतात. पुढची प्रत्येक गाडी नव्या मार्गावर वळते. जी आधीच जुन्या मार्गावर आहे, तिला आधी बाहेर पडू देतात. हे सगळं होत असताना कम्प्युटर सुरूच असतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

भारीच आहे! पण माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. वळवलेला मार्ग म्हणजे नवा रूळ नव्हे. खराब भाग तिथेच असतो, आपण फक्त त्यावरून जात नाही. म्हणजे लाइव्ह पॅचिंगने वेळ मिळतो, रिस्टार्टपासून कायमची सुटका मिळत नाही.

शिवाय सगळंच असं बदलता येत नाही. अंधेरीकरांना हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोखले पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल दीड-दोन मीटर खाली राहिला होता. नवा भाग कितीही चांगला असो, जुन्याशी त्याची पातळी जुळावी लागते. कर्नेलमध्ये माहिती साठवण्याची रचनाच बदलायची असेल, तर नुसता सांधा बदलून भागत नाही. केस्प्लाइसच्या चाचणीत सुरक्षेच्या ६४ दुरुस्त्यांपैकी ५६ वेगळा कोड न लिहिता बसल्या, उरलेल्या ८ साठी माणसाला हात घालावा लागला. मायक्रोसॉफ्टच्या ‘हॉटपॅच’मध्येही दर तीन महिन्यांनी एकदा रिस्टार्ट ठरलेलाच आहे. वर्षाला बाराऐवजी चार, पण शून्य नाही.

काही जण म्हणतील, चालू मशिनच्या गाभ्यात हात घालणंच धोक्याचं. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर कोसळले आणि मुंबई विमानतळावरही काही प्रवाशांचं चेक-इन हाताने करावं लागलं. ते लाइव्ह पॅचिंग नव्हतं, पण कर्नेलच्या पातळीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचंच अपडेट होतं. भीती रास्त आहे. पण त्यातून ‘अपडेट नको’ हा धडा निघत नाही. धडा निघतो तो, आधी थोड्या मशिन्सवर तपासा, मग सगळीकडे सोडा, हा.

म्हणून उद्या नोकरीला लागाल तेव्हा दोन प्रश्न नक्की विचारा. तातडीची दुरुस्ती लाइव्ह पॅचने त्याच दिवशी होते का? आणि पूर्ण रिस्टार्टची पुढची तारीख ठरलेली आहे का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘बघू’ असेल, तर तिथे दुरुस्ती चाललेली नाही, चालढकल चालली आहे. रेल्वे निदान ब्लॉकचं वेळापत्रक आधी जाहीर तरी करते!

सराव आत्तापासून करता येईल. तुमच्याकडे उबुंटू असेल, तर वैयक्तिक वापरासाठी पाच मशिन्सपर्यंत लाइव्हपॅच फुकट मिळतं. विंडोज असेल, तर त्याहून सोपं आहे. आज झोपण्यापूर्वी फाइल सेव्ह करा आणि ‘नंतर’च्या शेजारचं बटण दाबा.