‘१० मायक्रोफॅरड’ एवढेच लिहून भागत नाही

राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि त्यातल्या संवेदन व मापन या शाखेचे केंद्र पुढे मुंबईच्या आयआयटीकडे आले. या क्षेत्रातल्या अनेक प्रयोगांत रुबिडियमच्या अणूंवर ७८० नॅनोमीटरचा लेझर सोडतात. लेझर डायोडचा प्रवाह एका मायक्रोअँपिअरने हलला, तर प्रकाशाची वारंवारता साधारण एक मेगाहर्ट्‌झने सरकते आणि अणूची शोषणरेषा असते जेमतेम सहा मेगाहर्ट्‌झ रुंद. म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या प्रवाहात लाखातला एक भाग थरथरला, तरी प्रयोगाला ते जाणवते. हा प्रवाह स्थिर ठेवणाऱ्या सर्किटचा विषय निघाला की बोलणे ऑप-अँप आणि संदर्भ व्होल्टेज यांपाशीच थांबते. कपॅसिटरच्या वाट्याला यादीतली एक ओळ येते, ‘१० मायक्रोफॅरड’. एवढ्या नेमक्या कामासाठी ती ओळ अपुरी आहे.

कपॅसिटरचा स्वभाव आकड्याइतकाच त्यातल्या विद्युतरोधक पदार्थावरून ठरतो. एक्स-सेव्हन-आर जातीच्या सिरॅमिक कपॅसिटरमध्ये बेरियम टायटनेट असते आणि ते दाबले गेले की व्होल्टेज निर्माण करते. बोर्डावर पेन्सिलीने टिचकी मारा, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची रेघ उसळते. उपकरणांच्या कपाटातला पंखा हीच टिचकी अखंड मारत असतो. शिवाय डीसी व्होल्टेज दिल्यावर याची धारिता घटते, कधी निम्म्याहूनही खाली, आणि संदर्भ व्होल्टेजच्या फिल्टरने अडवायचा नॉइज पुढे जातो. इलेक्ट्रोलिटिकची खोड वेगळी, त्यातून प्रवाह झिरपतो. फिल्टरच्या १० किलोओमच्या रेझिस्टरमधून एक मायक्रोअँपिअर जरी झिरपला, तरी संदर्भ व्होल्टेज १० मिलिव्होल्टने उतरते, आणि झिरपणे तापमानाबरोबर बदलत असल्यामुळे ही तूट स्थिरही राहत नाही. पॉलिप्रोपिलीन फिल्मच्या कपॅसिटरमध्ये हे दोष नगण्य असतात.

यावर कोणी म्हणेल, ऑप-अँपचा आणि रेझिस्टरचा स्वतःचा नॉइज असतोच, मग कपॅसिटरचे एवढे कौतुक कशाला? पण तो नॉइज डेटाशीटवरून आधीच मांडता येतो. पंख्याची थरथर संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये उमटत नाही, कारण तिथला कपॅसिटर बहुधा आदर्श धरलेला असतो. मोजमापांची सरासरी काढून नॉइज घालवू, हेही उत्तर अपुरे, कारण लेझर तेव्हाच सरकलेला असतो. फिल्म कपॅसिटर महाग आणि बोजड, हा आक्षेप मात्र खरा आहे. मोठ्या अंगामुळे तो आजूबाजूच्या विजेची गुणगुणही ओढून घेतो. म्हणून तो सरसकट लावायचा नाही. ऑप-अँपच्या सप्लाय पिनशेजारी छोटा सिरॅमिकच योग्य. फीडबॅकमधल्या लहान मूल्यांसाठी सी-झीरो-जी जातीचा सिरॅमिक मिळतो, त्यात दाबाने व्होल्टेज उपजण्याची खोड जवळजवळ नसते. फिल्म लागते ती संदर्भ व्होल्टेजच्या फिल्टरसारख्या मोजक्या जागी. प्रवाह स्थिर ठेवणाऱ्या संपूर्ण सर्किटच्या खर्चात किमतीचा हा फरक किरकोळ आहे.

तेव्हा प्रयोगशाळांच्या खरेदी यादीत आणि अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत धारितेबरोबर पदार्थ आणि कामाच्या व्होल्टेजला उरणारी धारिता यांचीही नोंद हवी. तशी नोंद नसेल, तर त्याच आकड्याचा स्वस्त माल देणाऱ्या पुरवठादाराला दोष देता येणार नाही. त्याने यादीप्रमाणेच माल दिलेला असतो.